दिएना तेवढी कायम

सप्टेंबर उतरणीला लागला की
वाचनालयाच्या दारातल्या हिरव्या बनातीच्या फळ्यावर
मी पुठ्ठ्याची पाच अक्षरं टोचते: दिएना.
लिथुएनियात दिवसाला असं म्हणतात.
ती मग जागची हलत नाही,
तिच्या डावीकडचा शब्द तेवढा ये-जा करतो.
शांततेची दिएना. ज्येष्ठांची. शिक्षकांची.
टपालाची,
जे आताशा आठवड्यातून दोनदाच येतं,
तेही बहुतेक औषधांचं.

अक्षरं एलेओनोराबाईंनी कापलेली.
अडतीस वर्षं या टेबलाशी होत्या, मार्चमध्ये गेल्या.
त्यांचं एन जरा डावीकडे कलतं,
निसरड्या बर्फावर सावरून उभं राहिल्यासारखं.

दहा ऑक्टोबर, मानसिक आरोग्य.
फळ्यासमोर कुणी थांबलं नाही.
अउग्युस्तास तेवढा बुटाची नाडी बांधत बसला,
बराच वेळ.
रबरी बूट होते. नाड्या नव्हत्याच.
मी काही बोलले नाही,
हीटरजवळची खुर्ची फक्त त्याच्या बाजूला वळवली.

पंधरा तारखेला घोटाळा.
जागा एका शब्दाची, मानकरी तीन:
पांढरी काठी, हात धुणे, ग्रामीण स्त्री.
कुणीतरी कुठेतरी हे ठरवतं, एकमेकांना न विचारता.
याद्व्हिगा बादली घेऊन उभी,
खेड्यातून सहाची बस धरून येते,
हात कोपरापर्यंत साबणाचे.
म्हणाली, यातले दोन तर माझेच आहेत की.
मग फरशीकडे बघत: दे त्याला. मला काम आहे.

तो, म्हणजे व्हायदोतास, दुपारी आला.
काठी दाराला टेकवून बोटांनी फळा वाचला,
या टाचणीपासून त्या टाचणीपर्यंत.
काल काय होतं?
मी म्हटलं, काल मानकांचा दिवस,
मोजमापं सगळीकडे सारखी असावीत म्हणून.
असं? मग तुमची तिसरी पायरी
दोन बोटं उंच आहे, ते कळवा त्यांना.

सोळाला अन्न.
सतराला गरिबी हटवणे.
अक्षरं बदलायला एक रात्र मिळते.
जगालाही बहुधा तेवढीच दिलीय.

दोन नोव्हेंबरला मात्र व्हेलिनेस.
गेलेल्यांची आठवण.
या शब्दाला दिएना लागत नाही,
तो एकटाच फळाभर होतो.
पाचही अक्षरं उतरवली.
त्यांच्याखालची बनात अजून गर्द हिरवी,
भोवतालची इतक्या वर्षांच्या उन्हानं विटलेली.
एनच्या पाठीवर पेन्सिलीनं:
डिंक लावू नये. टाचणीच वापरावी.

व्हेलिनेसमध्ये दोन ए, दोन्हींच्या डोक्यावर एकेक टिंब.
टिंबं काडेपेटीत ठेवलेली असतात.
एकच सापडलं.
याद्व्हिगानं एप्रनच्या खिशातून मिरीचा दाणा काढला,
अळंब्यांच्या लोणच्यातून उरलेला.
दाण्यात टाचणी शिरेना.
मी डिंक लावला.

संध्याकाळी टेकडीवर अख्खं गाव,
शेवंतीच्या कुंड्या, लाल काचांतल्या मेणबत्त्या,
एकमेकांच्या माणसांच्या दगडांवरची पानं झाडणारे हात.
एलेओनोराबाईंपाशी वाकून
मी हळूच कबुली दिली.
ज्योत फडफडली. वारा होता,
सगळ्यांच्याच फडफडत होत्या.

एकोणीस तारखेला शौचालयांचा दिवस.
याद्व्हिगा सकाळपासून फळ्याखाली:
हा माझा. हा मी कुणालाही देणार नाही.
हात धुतले, पुसले,
आणि स्टुलावर चढून तिनं स्वतः टोचलं सगळं.
एन उलटं लागलं, त्याचा यू झाला.
असा शब्द आमच्या भाषेत नाही.
काल दोघांनी येऊन सांगितलं,
एकानं तर टाचणीला हातही घातला.
म्हटलं, राहू द्या.