इतिवृत्तात नसलेलं

सभा सातला सुरू झाली. मॅनिटोबातला जानेवारी, बाहेर उणे एकतीस.
विषय क्रमांक चार: दफनभूमीचा ईशान्येकडचा तुकडा, बारा कबरींपुरता.
अर्जदार वार्सामे, मांस-कारखाना, रात्रपाळी.
एवढं मी लिहिलं.

त्याची आई तीन दिवस
हॉस्पिटलच्या शीतगृहात वाट बघतेय,
हे अर्जात नव्हतं.

लोक बोलले. धर्माचं नाव कुणीच काढलं नाही.
पाण्याचा उतार, म्हणाले. पार्किंग.
मग मागून एकजण बोललाच
जे सगळ्यांच्या ओठांवर होतं,
आणि हशा पिकला.
मी पेन उचलून धरलं.
नगराध्यक्षा विल्मा फ्रीसन म्हणाल्या,
"लिहा. शब्दन्‌शब्द. नावासकट."
हशा जागीच विरला.

भाषण त्यांना कधी जमलंच नाही.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"माझ्या पणजीला याच गावात
जर्मन बोलते म्हणून पीठ दिलं नाही.
दुकान आपल्या डंकनच्या आजोबांचं.
डंकन, बस खाली, मी भांडत नाहीये.
ती त्याच उतारावर पुरलीय.
पाण्याला तिची अजून अडचण झालेली नाही."

चार विरुद्ध तीन. चौथं मत त्यांचं.
हेही लिहिलं.

लिहिलं नाही ते असं:
पहाटे पाचला दफनभूमीत उजेड.
गोठलेली जमीन कुदळीला जुमानेना,
म्हणून विल्मांनी गोठ्याचा पत्रा उचकटून आणलेला,
त्याखाली पेंढा, निखारे,
आणि भोवती हात शेकत
वार्सामे, त्याच्या पाळीतली माणसं.
जमीन वितळायला अख्खा दिवस लागतो.
कुणी बोलत नव्हतं. थर्मास फिरत होता.
दुपारी डंकनची गाडी आली.
तो उतरला नाही. काच खाली केली,
मागच्या सीटकडे बोट दाखवलं:
कोळशाची दोन पोती.

ऑक्टोबरात विल्मा हरल्या,
सत्तेचाळीस मतांनी.
निकालाच्या कागदावर सही माझीच.

नवे साहेब मागच्या रांगेतलेच.
पहिल्याच आठवड्यात टेबलाशी आले, गोड हसले:
"जानेवारीचं ते एक वाक्य,
तेवढं पान बदलता येईल?"
मी म्हटलं, "रजिस्टर बांधून झालंय, साहेब."

झालं नव्हतं.
त्या रात्री घरी
दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन बसले.
टाके जरा वाकडे आलेत.
पण घट्ट आहेत.