सामायिक भिंत

रॉटरडॅमच्या दक्षिणेला, एका अरुंद गल्लीत,
सत्तेचाळीस आणि एकोणपन्नास
या दोन घरांना मधली भिंत एकच.
अकरा वर्षं
त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना अबोला.

वित्स्केबाई म्हणतात, त्यानं शिडी आपटली,
तेव्हापासून पन्हळ वाकडी.
आदेलिनो म्हणतो, मुद्दाम वाकवली,
बाईंच्या छपराचं पाणी
माझ्या स्वयंपाकघरात उतरावं म्हणून.
तो मला ओल दाखवतो:
कपाटामागे, त्याच्या केप व्हर्डेच्या नकाशासारखी,
दहा ओली बेटं
आणि मध्ये कोरडा समुद्र.
बाईंकडे तीच ओल पियानोमागे.
त्यावर त्यांनी कॅलेंडर टांगलंय.
डिसेंबरपर्यंत ते खालून फुगतं.

दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेतलं
आणि एकच वाक्य सांगितलं:
बघा, इथे पाणी मुरतंय.

मी न्याय करत नाही. मी खणतो.

ओक्ताय आणि मी फळ्या उचलतो,
पोटावर सरपटत आत जातो.
वाळू, मग काळा चिखल,
चिखलाला जुन्या पुस्तकांचा वास,
मग लाकूड.
हे सगळं लाकडावर उभं आहे, लोक विसरतात.
पाइनचे ओंडके, शेंडा खाली करून ठोकलेले,
शंभर वर्षं पाण्यात बुडालेले
आणि बुडालेले म्हणूनच धड.
पाणी त्यांना मारत नाही.
पाणी ओसरतं, हवा शिरते,
हवेच्या मागून बुरशी.

हातोडी मारली.
ठण्ण व्हायला हवं होतं.
भद्द झालं.
चाकू मुठीपर्यंत गेला, जसा शिळ्या केकमध्ये.
ओक्तायनं शिट्टी घातली, मग तोही गप्प.

रस्त्याखालचा सांडपाण्याचा पाइप तडकला होता.
कित्येक वर्षं जमिनीतलं पाणी
तो गुपचूप पीत होता.
पाणी मुरत होतं खरं,
पण या दोघांच्या पायाखालून,
तिकडे.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे पाया फिरला
आणि वाशांनी एकमेकांवर आळ घेतला.

हे कागदावर पटणार नव्हतं.
मी गवंड्याची पारदर्शक नळी काढली,
तिच्यात पाणी भरलं,
आणि एकेक टोक एकेकाच्या हातात दिलं.
बाई त्यांच्या लांबच्या कोपऱ्याशी,
तो त्याच्या.
पाऊस नव्हता, नुसतं ते बारीक भुरभुरणं
ज्याला इथे कुणी पाऊस म्हणत नाही.
खालून अकरावी वीट. दोन्हीकडे पाणी
विटेच्या काठाला बरोबर.

आता मध्ये या, मी म्हणालो.

दोघं आले, टोकांवर अंगठे दाबून,
जसं काही दिव्याची वात जपतायत.
मधल्या भिंतीशी अंगठे काढले.
पाणी होतं तिथेच होतं.
अकरावी वीट त्याच्या दोन बोटं खाली.

मग मी वर बोट केलं:
दोन्ही पन्हळी मधोमध कललेल्या,
दोन्ही छपरांचं पाणी एकाच फटीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बाई, नळीकडे बघत,
"पण शिडी आपटली होतीच."
"आपटली होती," आदेलिनो म्हणाला.
"दोनदा."

नवा पाया एकट्याच्या घराला बसत नाही.
दोन सह्या लागतात, दोन कर्जं,
आणि तीन महिने दोन्ही घरांना जमीन नसते.
आकडा सांगितला तेव्हा बाई
पायरीवर बसल्या. ओल्याच पायरीवर.
पियानोचे किती येतील, त्यांनी विचारलं.
मला नाही, त्याला.
त्याला माहीत नव्हतं.

सह्या अजून झालेल्या नाहीत.
परवा तिथून गेलो तेव्हा
शिडी दोन घरांच्या मधोमध लावलेली,
तो वर, पन्हळीतली पानं काढतोय,
आणि खाली बाईंनी
शिडी दोन्ही हातांनी धरलेली.