तेवीस नंबर

तळघराला खिडकी नाही.
वर सीबचं ऊन, मस्कतला उतरणारी विमानं,
गाड्यांच्या टपांवर झेंडे.
खाली आमच्याकडे येतं ते फक्त मळलेलं.

स्पर्धेचे पंधरा दिवस दोन देश उतरलेत हॉटेलात.
लाल एका ड्रममध्ये, पांढरे दुसऱ्यात.
रंग लागला तर पगारातून कापीन,
शाजी सुपरवायझर दारातूनच ओरडतो.
शर्ट उलटा करून टाकायचा,
पाणी तीस अंशांच्या वर नको,
नाहीतर छातीवरचा खंजीर सुटतो.
अकरा वर्षांत इथल्या राष्ट्राबद्दल
मला एवढंच नीट कळलंय.

मळावरून माणूस ओळखतो मी.
चार नंबर घसरतो डाव्या कुशीवर.
नऊ नंबर बाहीला नाक पुसतो.
आणि तेवीस नंबर
येतो तसाच, घडीच्या रेषांसकट,
बाकावर बसून आलेला.
तरी धुवायचा. नियम आहे.

इस्त्रीवर इलाही बख्श, ग्वादरचा.
पाठीवरचं नाव बोटानं वाचतो: बलुशी.
आपला आहे, म्हणतो.
आपला म्हणजे?
याचा आजोबा होडीत चढला,
माझा किनाऱ्यावर विडी ओढत राहिला.
आणि वाफेचं पेडल दाबतो,
पुढचं ऐकू येत नाही.

मी कोल्हापूरचा, मला हे नवीन नाही.
आमच्याकडे देश चार गल्ल्यांएवढा असायचा.
थोरली बहीण समोरच्या पेठेत दिलेली.
मॅचच्या दिवशी ती माहेरी यायची नाही,
आणि आम्ही हरलो की दुसऱ्या दिवशी मुद्दाम
डबाभर बासुंदी पाठवायची.
बाप डबा तसाच परत करायचा.
आई मधल्यामध्ये बोट बुडवून घ्यायची.
मी लेफ्ट आऊट. गुडघा गेला तेव्हा
तालमीनं ऑपरेशनला वर्गणी काढली.
व्हिसाचे पैसे मात्र मेहुण्यानं दिले,
समोरच्या पेठेतल्या.

एका रात्री सगळे जेवायला गेल्यावर
मी तेवीस नंबर अंगात घातला.
खांद्यात बसला, पोटावर नाही.
ड्रायरच्या गोल काचेत पाहिलं:
पन्नाशीतला एक लाल माणूस,
त्याच्या आरपार टॉवेल गरगरताहेत.
डाव्या अंगानं दोन पावलं टाकली.
फरशी ओली होती.
काढून ठेवला.

सेमीफायनलला पाइपांतून आवाज आला.
बादलीतलं पाणी हललं, दीपेंद्र म्हणतो.
तो काहीही म्हणतो.
रात्री एकला गाठोडं उतरलं.
लाल हरले होते.
हरलेल्यांचे कपडे बोळे होऊन येतात,
बाही बाहीत, मोजा मोज्यात.
सोडवत गेलो. चार, नऊ, अकरा.
तळाशी तेवीस:
कोपरापासून बरगडीपर्यंत हिरवा ओरखडा,
बटणाएवढी माती.
शेवटची सहा मिनिटं मिळाली होती पोराला,
दीपेंद्रनं फोनवर पाहिलेलं.
एक थ्रो-इन काढला त्यानं.
बाकी काही नाही.

इलाही बख्शनं शर्ट माझ्या हातातून घेतला,
नाकाशी धरला,
न बोलता परत दिला.

गवताचा डाग जातो.
थंड पाणी, व्हिनेगर, मऊ ब्रश, वीस मिनिटं.
या हातांनी चादरींवरचं काय काय काढलंय.
शर्ट उलटा केला. पुन्हा सुलटा केला.
साध्या पाण्यातून काढून दोरीवर घातला
आणि सकाळी वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
लाल, तेवीस. डाग जुना. निघत नाही.

शाजीनं वाचलं. शर्ट पाहिला, मला पाहिलं,
आणि कानावरचं पेन काढून
खाली सही केली.