अपेक्षित फांद्या

न्यूकॅसलला डिसेंबरात चारच्या आत अंधारतं.
खिडकीखाली टाईन नदी, शिशाच्या रंगाची,
आणि पडद्यावर आजची पत्रकं: एकशे बारा.

दंड सुजला. अंग ठणकलं.
एकाने लिहिलंय, लस घेतली
आणि चौथ्या दिवशी मांजर मेलं.
तेही नोंदवायचं. हसायचं ते नंतर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला,
आई म्हणायची, आणि विषय संपायचा.
माझा पगार त्या वाक्यानंतर सुरू होतो.

फांद्या एरवीही तुटतात,
वाऱ्याने, वाळवीने, वयाने.
म्हणून आधी मोजायचं,
कावळा न बसलेल्या झाडांच्या
किती फांद्या पडतात
एखाद्या साध्या मंगळवारी.
त्या आकड्याला आम्ही अपेक्षित म्हणतो.
अपेक्षित भोवळ. अपेक्षित झटका.
अपेक्षित मृत्यू, वयोगटानुसार, दर लाखामागे.
पहिलं वर्षभर
हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

आणि छेद.
छेदाशिवाय अंश म्हणजे नुसती आरडाओरड.
शिवाय जे गप्प बसले
ते कुठल्याच बेरजेत नाहीत.

परवा एका ओळीखाली दुसरी,
काल दुसरीखाली तिसरी.
तिघींनाही भोवळ, आणि तिघींच्याही कानात
"घंटा वाजल्यासारखं".
अपेक्षित: शून्य पूर्णांक चार.
तीन म्हणजे काहीच नाही.
तीन म्हणजे तीन कावळेसुद्धा असू शकतात.
चहा मात्र तसाच राहिला.

तिसरी डोरीन फेनिक, वय एकाहत्तर, गेट्सहेड.
"लशीमुळेच असं माझं म्हणणं नाही,
सकाळी टोस्ट खाल्ला नव्हता.
उगीच तुम्हाला त्रास."
बॅच क्रमांकाचा रकाना कोरा.

फोन केला. थांबा हं, म्हणाली,
आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेली.
मी ऐकत राहिले
तिच्या घरातलं घड्याळ, कुठलातरी ड्रॉवर,
अडकलेला, मग उघडलेला.
चष्मा सापडला असावा.
तिने एकेक अक्षर वाचलं,
बसवरचा नंबर लांबून वाचावा तसं.
पहिल्या दोघींचाही हाच.

"पोरी, काळजीचं आहे का काही?"
अजून माहीत नाही, मी म्हणाले.
उद्या वरच्या मजल्यावर देईन,
ते जुन्या नोंदी उपसतील,
लस न घेतलेल्यांच्याही.
बहुतेक काही निघणार नाही.
बहुतेक.

ती जरा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली,
"टोस्टचं लिहिलंत ना पण?"

लिहिलंय, म्हटलं.
तुमच्याच शब्दांत.