पंप बंद ठेवा

कर्वेनगरात, वसतिगृहाच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला टेकवलेला आमचा अँटेना:
तपकीर गल्लीतली वायर,
रविवार पेठेतली पोलादी मोजपट्टी, तुकडे केलेली,
तिच्यावरचे इंच अजून वाचता येतात.
मधला ब्रॅकेट माझा.
भोसरीत, तिसऱ्या पाळीला,
भंगारात निघालेल्या अ‍ॅल्युमिनियममधून काढला.
फोरमनला म्हटलं, नमुना आहे.
खोटं नव्हतं.

मी त्यांच्या कॉलेजचा नाही.
सोपानला त्याची विसरलेली किल्ली द्यायला गेलो
आणि शेवटच्या बाकावर अडकलो.
समोर यशना धोंडू, मॉरिशसची.
धोंडू हे आडनाव नव्हेच,
खापरपणजोबाचं नाव ते,
बंदरावरच्या कारकुनानं भलत्या रकान्यात लिहिलं
आणि पाच पिढ्या त्या रकान्यातच राहिल्या.

तिनं पडद्यावर एक फोटो दाखवला:
टेबल, सात माणसं, खिडकी,
खिडकीत समुद्र.
"हे आमचं अख्खं अंतराळ खातं."
मागचे हसले. मीही.
शबाना मुजावरनं सरळ विचारलं,
"नोकऱ्या आहेत?"
यशना फळा पुसत राहिली जरा वेळ.
"नोकऱ्या नाहीत. कामं आहेत.
आम्हाला माणसं पुरत नाहीत,
म्हणजे... जागा आहे."

त्यांचा ठोकळा दहा सेंटिमीटरचा,
हातात मावेल एवढा देश.
बेटावरून दिवसातून मोजक्या वेळा दिसतो,
बाकी वेळ कुठे असतो, कसा असतो,
कुणीतरी ऐकायला हवं.

पहिले चार दिवस नुसती खरखर.
शबाना गणित तपासायची, सोपान सोल्डर,
मी ब्रॅकेटला उगाच शिव्या द्यायचो.
पाचव्या पहाटे कळलं, गोंगाट आकाशाचा नाही,
खालच्या मोटारीचा.
वॉचमन गेजगेकाकांनी जिन्यात पाटी लावली:
"४.४० ते ५ पंप बंद. उपग्रह येणार आहे."

चार पन्नास.
सिंहगडाच्या मनोऱ्यावर लाल दिवा.
तिच्या घरावरून तो बारा मिनिटांपूर्वीच निघालेला,
तिथे सव्वातीन वाजलेले, आई झोपलेली असेल.
कुणीच बोलेना. सोपान केबल हलवायला उठला,
तर ती म्हणाली, "वाईच थांबा."

वाईच.
माझी रत्नागिरीची मावशी सोडली
तर हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.
कुठून कुठवर गेला होता तो, बोटीतून,
आणि परत आला होता.

मग आवाज.
आधी चढा, मग उतरत उतरत,
कुणी शिट्टी वाजवत रस्त्यानं निघून जावं तसा.
सहा मिनिटं.
शबानाच्या पडद्यावर आकडे: बॅटरी बरी आहे,
एक बाजू जास्त तापतेय.

यशनानं तिकडे कळवायचा तक्ता भरायला घेतला.
ऐकणाऱ्यांची नावं. संस्था.
तिघांचं कॉलेज एकच, पटकन झालं.
माझ्यापाशी पेन थबकलं.
"तुझी संस्था?"
मी म्हटलं, सोड ना, नाव कशाला.
तिनं लिहिलं: दिगंबर खुटवड.
पुढच्या रकान्यात: भोसरी.

उत्तर आलं तेव्हा मी शिफ्टला निघालो होतो.
सातांपैकी कुणीतरी जागं होतं.
"मिळालं. आभार.
भोसरी हे विद्यापीठ कुठे आहे?"

यशना हसत सुटली.
खालून मेसवाल्या मावशी ओरडल्या,
झालं का तुमचं आकाश,
पाणी सोडा आता.