एवाल्डचा थांबा

तो धावायचा कमी, थांबायचा जास्त.
हे आता नातवंडांना सांगून पटत नाही.
डाव्या बगलेची चुन्याची रेघ,
तिच्यावर खाणीतून उडून आलेली काजळी,
आणि चेंडूवर पाय ठेवून एवाल्ड स्कुपिन
उभा.
घराला कुलूप लावलं की नाही, ते आठवत असल्यासारखा.

समोरचा बॅक झुकायचा. चुकीच्या बाजूला.
सगळेच झुकायचे. ठाऊक असून झुकायचे.
अकरा हजार माणसं
ओठांशी आलेली शिवी, अर्धा खाल्लेला सॉसेज, श्वास
जिथल्या तिथे धरून ठेवायची,
आणि तोवर तो दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असायचा.
मागे चिखलात बॅक घसरल्याची लांब खूण.

बाबा सहा नंबरची ट्राम चालवायचे.
मैदानाच्या कोपऱ्यावर थांबा नव्हता,
तरी रविवारी तिथे ब्रेक लागायचा, घंटा वाजायची,
"एवाल्डचा थांबा!" बाबा ओरडायचे,
आणि तिकीट न काढलेलेही ऐटीत उतरायचे.
दोनदा पगार कापला गेला.
त्या चिठ्ठ्या बाबांनी जपून ठेवल्या, लग्नाच्या फोटोमागे.

वॉर्साच्या पाहुण्यांवर केलेल्या गोलबद्दल
आमचं अजून एकमत नाही.
आल्फोन्स न्हावी म्हणतो, बर्फ होता, चेंडू नारिंगी.
टेओफिल म्हणतो, कसला बर्फ, चिखल होता,
माझा नवा बूट त्यात गेला तो गेलाच.
मी बाबांच्या खांद्यावर होते, सात वर्षांची.
मला आठवते फक्त पुढच्या माणसाची टोपी.
ती वर गेली, आणि खाली येताना कुणाला दिसली नाही.

हेडविग बाईंना फुटबॉलमधलं काही कळत नाही.
त्या खाणीच्या दिवेघरात बसायच्या.
एकशे अठरा नंबरचा दिवा सोमवारी पहाटे त्याच्या हातात द्यायच्या,
परत यायचा तो काच पुसून.
एकदाच बोलल्या, पत्ते पिसता पिसता:
"खाली जायच्या पिंजऱ्यापाशीही थांबायचा तो.
अगदी तसाच, डावा पाय पुढे.
तिथे समोर कोणी नसायचं."
त्या संध्याकाळी डाव पुढे गेला नाही.

आता खाण बुजवली. मैदानावर गाड्या लावतात,
कॉर्नरच्या झेंड्याजागी दुकानाच्या ट्रॉल्या.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर टेओफिल
कठडा धरून डावा पाय पुढे टाकतो.
"दमलो नाही गं," म्हणतो, "हूल देतोय."
कुणाला, ते मी विचारत नाही.

फेब्रुवारीत एवाल्ड गेला.
खाणकामगारांचा बँड आला, टोप्यांवर तुरे,
ट्रंपेटवाल्याची बोटं गारठलेली, दोन सूर चुकले.
सहा जणांनी शवपेटी उचलली, सगळे सत्तरीपुढचे,
आणि दफनभूमीच्या फाटकात, चढ सुरू होतो तिथे,
थांबले.
कुणी सांगितलं नव्हतं.
दम लागला असेल.
पण सहाही डावे पाय पुढे होते.

फाटकाच्या आत, काठीवर भार देऊन,
शेजारच्या गावचा राइनहोल्ड उभा होता,
साठ वर्षांपूर्वीचा उजवा बॅक,
दोन्ही गुडघे बदललेले.
माझी नजर त्याच्यावरच होती.
तो झुकला.
चुकीच्या बाजूला.
काठी सुटली, आल्फोन्सने बगलेत हात घालून सावरलं,
आणि भर थंडीत, बँड वाजत असताना,
म्हातारा खो खो हसत सुटला,
"घ्या! आजसुद्धा!"

शवपेटी तोवर
दुसऱ्या बाजूने निघून गेली होती.