केराची पुडी

शेगुल्लाबाई वाक्रुळकर रास्ता पेठेतून रिक्षानं आल्या,
मांडीवर उशीच्या अभ्र्यात काहीतरी.
मला वाटलं, मांजर.

आजोबा आमचे खोगिरं शिवायचे जिनगर आळीत,
वडील पेढ्यांच्या चोपड्या,
मी विद्यापीठाचे प्रबंध शिवतो :
काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं,
मंगळवारी टाका, गुरुवारी न्या.

हे गुरुवारी होणारं नव्हतं.
मी उघडलं ते शेवटाकडून.
"तिकडून नाही हो," बाई हसल्या,
"तुमचं जिथं संपतं ना, तिथं आमचं सुरू."

सिद्दूर. रोजच्या प्रार्थनांचं.
बर्फातल्या कुठल्याशा गावच्या हसिदी रब्बींचं.
कोऱ्या पानावर एकाखाली एक सात नावं,
सात शाया, सात वळणं,
बापाकडून मुलाला, मुलाकडून जावयाला;
आठवं पेन्सिलीनं, बारीक,
उगाच कुणाला दिसू नये असं.

आठवा मेंडल. ना दाढी, ना रब्बीपण.
लढाईच्या वर्षांत कॅम्पात घड्याळं दुरुस्त करायचा.
शुक्रवारी रात्री यांच्याकडे जेवायला.
"तो म्हणायचा शाबेस, बाबा म्हणायचे शब्बाथ,
वाद पेटायचा, कालवण निवायचं,
आई म्हणायची, देवाला दोन्ही कळतं, आधी जेवा.
मराठी एकच वाक्य त्याला धड यायचं :
उद्या मिळेल.
ससूनमध्ये गेला. उशाशी हे."

मग आवाज उतरवून,
"झिजलं की आमच्यात पुस्तक पुरतात, माणसासारखं.
देवळातले म्हणाले, आता पुरा.
मी म्हटलं, आधी वैद्याला तर दाखवते."

अटी तीन.
चामडं शेळीचंच.
देवाचं नाव असेल तिथं सुई घालायची नाही.
आणि केर फेकायचा नाही, बाबा,
दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. पुडी करून द्यायची.

रात्री शटर अर्धं ओढून शिवण उसवली.
मला त्यातलं अक्षर येत नाही.
देवाचं नाव कुठलं, काय सांगू?
म्हणून कुठल्याच अक्षरात सुई घातली नाही,
जुन्याच भोकांतून दोरा नेला, सातशे सतरा भोकं.

मेणाचे थेंब. द्राक्षरसाचा डाग, पार जांभळा.
एका पानाचा कोपरा अंगठ्यांनी इतका खाल्लेला
की पलीकडचा दिवा दिसावा.
शिवणीच्या खाचेत एक पांढरा केस, कुरळा.
चिमट्यानं उचलला,
बराच वेळ धरून ठेवला,
होता तिथंच परत ठेवून टाका घातला.
हे बाईंना सांगितलेलं नाही.

आणि एक पान कोरं करकरीत.
दोनशे वर्षांत कुणी उघडलंच नसावं असं.
फक्त कडेला तेलाचा एक ठसा,
पातळ, पिवळट. घड्याळाचं तेल.
वडिलांकडे भिंतीवरचं घड्याळ होतं,
मला तो वास ठाऊक आहे.

न्यायला आल्या तेव्हा विचारलं, हे कशाचं पान?
चष्मा लावला, बोट उजवीकडून सरकलं.
"समुद्र ओलांडून जिवंत पोचला
तर म्हणायचं असतं," म्हणाल्या.
मग ठशावर बोट ठेवून थांबल्या.
मी बिलबुक शोधत राहिलो.

पैसे प्रबंधाइतकेच घेतले.
पुडी दिली : दोरे, पुठ्ठ्याचा भुगा,
सुपारीएवढी वाळकी खळ.
त्यांनी ती पर्समध्ये, किल्ल्यांच्या कप्प्यात ठेवली.

संध्याकाळी झाडू घेतला.
मोरचुदाच्या खळीनं नखं अजून निळी होती.
केराचा ढीग केला, सुपली घेतली,
परत ठेवली.
कुणाचा कितवा तुकडा त्यात राहिला असेल
कसं सांगायचं?

प्रबंधवाला मुलगा दारात उभा.
झालं का काका?
तोंडातून गेलं :
उद्या मिळेल.